जाफरचा राजीनामा अजून कुणी वाचलेला नाही

आमच्या चिमूरच्या पोरांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. भारत मॅच जिंकला की पाच मिनिटांत त्यावर एक यादी पडते. शमीच्या विकेट, सिराजच्या विकेट, झहीर खानचे २०११ च्या वर्ल्ड कपमधले २१ बळी, खाली तिरंगा आणि एक टोमणा : आता बोला. पाठवणारा पोरगा पॉलिटेक्निकला आहे, मनाने चांगला आहे, माझ्या लहान भावाचा दोस्त आहे. पण ती यादी बघितली की माझं डोकं फिरतं. बाबा रे, हा हिशेब तू कुणाला देतोयस? मागितला कुणी? आणि ज्याने मागितला असेल त्याला एवढ्यावर पटणार आहे का?

त्या यादीत एक नाव मला कधीच दिसत नाही. दिसायचं तर सगळ्यात आधी विदर्भातल्या पोरांच्या यादीत दिसायला हवं. वसीम जाफर. त्याचा फोटो आमच्याकडे फिरतो, पण तो दाढीचा. ‘माशाल्लाह, दीन सोडला नाही’ असं खाली लिहून. त्याच्या बॅटिंगबद्दल एक ओळ नाही. आणि २०२१ च्या फेब्रुवारीत त्याने जो राजीनामा दिला, त्यात काय लिहिलं होतं हे विचारलं तर दहातल्या नऊ जणांना सांगता येत नाही. ‘मौलवीला बोलावलं म्हणून काढलं ना त्याला?’ असं मला आपल्याच माणसाने विचारलंय. हा लेख त्या प्रश्नावर चिडून लिहितोय, हे आधीच सांगून टाकतो.

ज्यांना तो फक्त ट्विटरवरच्या मीम्समुळे माहीत आहे त्यांच्यासाठी थोडं मागे जाऊ. जन्म १६ फेब्रुवारी १९७८, मुंबई. वडील बेस्टच्या बसवर ड्रायव्हर. घरात क्रिकेटचं वेड, पैसा नाही. मोठ्या भावाने आपलं खेळणं बाजूला ठेवून याला पुढे केलं. अंजुमन-ए-इस्लामच्या शाळेकडून खेळताना पंधराव्या वर्षी नाबाद ४०० धावा. मुंबईच्या संघात आल्यावर दुसऱ्याच प्रथम श्रेणी सामन्यात, राजकोटला सौराष्ट्राविरुद्ध, नाबाद ३१४. तेव्हा वय १८. २००० मध्ये दक्षिण आफ्रिकेविरुद्ध वानखेडेवर कसोटी पदार्पण, मग लगेच बाहेर, मग पुन्हा आत. एकूण ३१ कसोटी, १९४४ धावा. त्यात दोन द्विशतकं : २००६ मध्ये अँटिग्वाला २१२, २००७ मध्ये ईडन गार्डन्सवर पाकिस्तानविरुद्ध २०२. (यादीवाल्यांनो, हे दुसरं तुमच्या कामाचं. मला मात्र अँटिग्वाची खेळी मोठी वाटते. पहिल्या डावात मागे पडल्यावर परदेशात दुसऱ्या डावात केलेली.)

पण कसोटीचे आकडे सांगून जाफर कळत नाही. तो रणजीचा माणूस. रणजीत १२,०३८ धावा. बारा हजारांचा टप्पा ओलांडणारा तो पहिला. प्रथम श्रेणीत २६० सामने, १९,४१० धावा, ५७ शतकं. हे खेळलं गेलं रिकाम्या स्टेडियममध्ये, सकाळच्या थंडीत, जिथे टाळी वाजवायला ग्राउंड्समन आणि दोन-चार पेन्शनर असतात. मुंबईसाठी आठ वेळा रणजी जिंकली, त्यात कर्णधार म्हणूनही. मग वयाच्या ३७ व्या वर्षी, जेव्हा लोक कॉमेंट्रीची नोकरी शोधतात, तेव्हा हा २०१५ मध्ये विदर्भात आला.

विदर्भ म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे. मुंबई-पुण्याच्या माणसाला चिमूर कुठे हे सांगायला ताडोबा सांगावा लागतो, फार तर १९४२ चा उठाव. क्रिकेटमध्येही तेच. १९५७ पासून विदर्भ रणजी खेळत होता आणि एकदाही जिंकला नव्हता. फायनलसुद्धा गाठली नव्हती. दुसऱ्या वर्षी जाफरला दुखापत झाली, तो हंगाम खेळलाच नाही, तरी असोसिएशनने कराराचे पैसे दिले. तर हा म्हणाला, पुढचा हंगाम फुकट खेळतो. आणि खेळला. डिसेंबर २०१७ मध्ये इंदूरला दिल्लीविरुद्ध फायनल. रजनीश गुरबानीची हॅटट्रिक, हा गुरबानी सिव्हिल इंजिनिअर बरं का, अक्षय वाडकरचं शतक, जाफरच्या ७८, आणि १ जानेवारी २०१८ ला विजयी चौकार जाफरच्याच बॅटमधून. कर्णधार फैज फजल, प्रशिक्षक चंद्रकांत पंडित. त्या संध्याकाळी आमच्या बसस्टँडजवळच्या पानठेल्यावर, जिथे एरवी फक्त धोनी-कोहली चालतं, तिथे माणसं ‘आपली टीम’ म्हणत होती. ‘आपली’ या शब्दात त्या दिवशी कुणी जात-धर्म मोजत नव्हतं. मी पुण्यात होतो, अब्बांनी फोनवर सांगितलं.

मार्चमध्ये घरी जाताना मी मुद्दाम एक दिवस नागपुरात थांबलो. जामठ्याला इराणी करंडक चालू होता, विदर्भ विरुद्ध शेष भारत. १५ मार्च, सामन्याचा दुसरा दिवस. स्टेडियममध्ये मोजून काढता येतील एवढी माणसं. आणि समोर एक चाळीस वर्षांचा माणूस, सकाळपासून ऊन चढेपर्यंत, उतरेपर्यंत, एकाच लयीत खेळत होता. फटका मारला की वाटायचं चेंडूला त्याने नुसती वाट दाखवली. दिवसअखेर तो २८५ वर नाबाद. मी तीनशे बघायला राहावं का या विचारात पडलो आणि शेवटी चिमूरची बस पकडली. दुसऱ्या दिवशी तो एक धाव काढून २८६ वर बाद झाला. विदर्भाने ७ बाद ८०० वर डाव सोडला आणि करंडक घेतला. पुढच्या हंगामात विदर्भ पुन्हा रणजी जिंकला, नागपुरात, सौराष्ट्राला हरवून. त्या मोसमात जाफरच्या १०३७ धावा. दहा फायनल खेळला, दहाही जिंकल्या.

त्याच मोसमात, जानेवारी २०१९ मध्ये, उपांत्यपूर्व फेरीत विदर्भासमोर उत्तराखंड होता. त्यांचं रणजीतलं पहिलंच वर्ष. जाफरने २०६ केल्या. विदर्भ डावाने जिंकला. दीड वर्षानंतर याच उत्तराखंडने त्याला प्रशिक्षक म्हणून बोलावलं. बरोबरच केलं. ज्याने आपल्याला धुतलं त्याच्याकडून शिकावं.

आता राजीनाम्याकडे येतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये जाफरने उत्तराखंड क्रिकेट असोसिएशनला ईमेल केला. मुद्दा एकच : निवड समिती आणि असोसिएशनचे सचिव संघनिवडीत हस्तक्षेप करतात, लायक नसलेल्यांसाठी दबाव येतो, अशा स्थितीत मी काम करू शकत नाही. हा एका व्यावसायिक माणसाचा व्यावसायिक आरोप होता. खरा असेल, खोटा असेल, अर्धा खरा असेल. तपासायचा होता. कुणाला निवडलं, कुणाला वगळलं, कुणाच्या किती धावा होत्या, बैठकीत काय झालं, कागद काढायचे होते.

त्याऐवजी दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात वेगळंच आलं. असोसिएशनच्या बाजूने बातमी अशी की जाफर मुस्लिम खेळाडूंना झुकतं माप देत होता, सराव शिबिरात मौलवी बोलावले, संघाचा धार्मिक जयघोष बदलला. झालं. त्या क्षणापासून निवडीचा प्रश्न मेला. देशभर चर्चा एकाच गोष्टीची : जाफर जातीयवादी आहे का?

बिचाऱ्याला पत्रकार परिषद घेऊन उत्तरं द्यावी लागली. मला कर्णधार म्हणून जय बिस्टा हवा होता, इक्बाल अब्दुल्लाचं नाव निवड समितीने पुढे केलं. शुक्रवारच्या नमाजासाठी मौलाना इक्बालने बोलावले, व्यवस्थापकाची परवानगी घेऊन. घोषणा राज्याच्या नावाची असावी असं सुचवलं, कारण आपण राज्यासाठी खेळतो. मी पक्षपात करत असतो तर समद फल्लाह आणि मोहम्मद नाझीम हे सगळे सामने खेळले नसते का? उत्तरं नेमकी होती, मुद्देसूद होती. आणि तिथेच तो हरला. त्याने उत्तर दिलं म्हणजे चूक केली असं मी म्हणत नाही, माझ्यावर आलं असतं तर मीही हेच केलं असतं. पण प्रश्नपत्रिकाच बदलली होती. आरोपी असोसिएशन होती, दोन दिवसांत आरोपी जाफर झाला.

अनिल कुंबळेने उघडपणे पाठिंबा दिला, तू बरोबर केलंस म्हणाला. इरफान पठाण, मनोज तिवारी बोलले. मुंबईच्या ज्या मोठमोठ्या नावांसोबत जाफर वर्षानुवर्षं एका ड्रेसिंग रूममध्ये बसला, त्यातले बहुतेक गप्प. एकाला पत्रकार परिषदेत थेट विचारलं तर त्याने मला विषयच माहीत नाही म्हणून हात झटकले. मी त्या गप्प बसण्यावर चार वर्षं चिडलो होतो. आता कमी चिडतो, कारण मी काय केलं होतं ते मला आठवतं.

ते सांगतोच. मी पुण्यात एका आयटी कंपनीत होतो, नाव राहू द्या. क्लायंटला एक मोड्यूल द्यायचं होतं, टेस्टिंग अर्धवट, पेमेंटच्या हिशेबात पैशाची चूक येत होती. मी मीटिंगमध्ये म्हटलं, हे पाठवू नका. लेखी ईमेलही केला. दोन दिवसांनी मॅनेजरने मला बोलावलं आणि विषय काढला माझ्या शुक्रवारच्या लंच ब्रेकचा. पाऊण तास जातोस, टीममध्ये कुजबुज आहे. मी काय केलं? स्वाइपच्या नोंदी काढल्या. शुक्रवारी किती वाजता बाहेर, किती वाजता आत, त्या दिवशी रात्री किती वाजेपर्यंत बसलो, सगळं एक्सेल शीटमध्ये भरून दिलं. दोन आठवडे मी माझ्या जुम्म्याचा हिशेब देत राहिलो. माझा हिशेब बरोबर निघाला, मॅनेजर ‘इट्स ओके यार’ म्हणाला, आणि मोड्यूल तोवर क्लायंटकडे गेलं होतं, चुकीसकट. माझा ईमेल कुणी उघडलाच नाही. त्याहून वाईट म्हणजे मीही तो पुन्हा पाठवला नाही. शेजारी बसणारा माझा मित्र, ज्याला ती चूक माझ्याइतकीच माहीत होती, तो स्क्रीनकडे बघत बसला. आणि सहा महिन्यांनी त्याच्याबाबतीत दुसऱ्या कारणाने असंच झालं तेव्हा मीही स्क्रीनकडेच बघत होतो.

हे तंत्र फक्त आपल्या देशातलं नाही. ऑस्ट्रेलियात त्यांचा स्वतःचा एक फुटबॉल आहे. अंडाकृती मैदान, अंडाकृती चेंडू, एका बाजूला अठरा माणसं, पायाने मारा नाहीतर मुठीने ढकला. त्यात अ‍ॅडम गुड्स नावाचा खेळाडू होता, तिथल्या आदिवासी समाजातला. सिडनी स्वान्सकडून ३७२ सामने, २००५ आणि २०१२ ची विजेतेपदं, सर्वोत्तम खेळाडूचं ब्राउनलो पदक दोनदा. म्हणजे यादीत घालायला काहीच कमी नव्हतं. २०१३ मध्ये मेलबर्नच्या मैदानात प्रेक्षकांतून एका तेरा वर्षांच्या मुलीने त्याला माकड म्हटलं. त्याने तिच्याकडे बोट दाखवलं आणि नंतर सांगितलं, तिला दोष देऊ नका, लहान आहे, तिला शिकवणाऱ्या समाजाकडे बघा. २०१४ मध्ये तो ‘ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर’ झाला आणि त्या मंचावरून आपल्या लोकांच्या इतिहासाबद्दल बोलू लागला. तेव्हापासून मैदानात त्याच्या पायाला चेंडू लागला की हुर्यो. आठवड्यामागून आठवडे, शहरामागून शहर. आणि विचारलं तर लोक म्हणायचे, छे छे, वंशाचा काय संबंध, तो फ्री किकसाठी नाटक करतो म्हणून ओरडतो. २०१५ मध्ये त्याने एका गोलनंतर आदिवासी युद्धनृत्याचे चार पावलं टाकली तर म्हणे प्रेक्षकांना धमकावतो. तो जे बोलत होता ते बाजूला राहिलं आणि वर्षभर देश चर्चा करत बसला, गुड्स नाटकी आहे का?

गडचिरोली-चंद्रपूरच्या आपल्या वाचकांना हे समजवायला नको. आपल्या शेजारच्या गोंड-माडिया पोरगा कॉलेजात जमिनीबद्दल, जंगलहक्काबद्दल बोलला की त्याला काय विचारतात ते तुम्ही ऐकलंय. ‘तू त्यांच्यातला तर नाहीस ना?’

गुड्सच्या बाबतीत पुढे काय झालं तेही बघा. तो एक सामना खेळायलाच उतरला नाही. त्या दिवशी सिडनीच्या मैदानात तिसऱ्या क्वार्टरच्या सातव्या मिनिटाला, कारण त्याच्या जर्सीचा नंबर ३७, सगळं स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवत होतं. हे चांगलंच. पण तो त्याच वर्षी निवृत्त झाला, निरोपाचा सत्कारसुद्धा न घेता. लीगने आणि अठराही क्लबांनी बिनशर्त माफी मागितली ती २०१९ मध्ये, त्याच्यावरचा माहितीपट येणार म्हटल्यावर. २०२१ मध्ये त्याला त्यांच्या हॉल ऑफ फेममध्ये घ्यायचं ठरलं, त्याने नकार दिला. मला त्याचा तो नकार फार आवडतो. टाळ्या उशिरा वाजवल्या म्हणून त्याने काही सिद्ध करायला परत यायचं नाही.

आता आपल्या यादीवाल्यांकडे वळतो, कारण मला भांडायचंय ते तुमच्याशी. परक्याशी भांडून मला काय मिळणार, ते हे वाचतही नाहीत.

ज्याने जाफरवर धर्माचा शिक्का मारला त्याने एक गोष्ट गृहीत धरली : हा माणूस आधी मुसलमान आहे, मग बाकी सगळं. दाढीचा फोटो फिरवणारे तुम्हीही तेच गृहीत धरता. शिक्का तोच, तुम्ही फक्त त्याला अत्तर लावता. आणि शमीच्या विकेट मोजणारे तुम्ही तर त्यांच्याच तराजूत माप घालता. २४ ऑक्टोबर २०२१ ला दुबईत पाकिस्तानकडून भारत दहा गडी राखून हरला. दहा गडी राखून! एकही विकेट कुणालाच मिळाली नव्हती. शिव्या खाल्ल्या शमीने. त्याच्या आधीच्या शेकडो विकेटची यादी त्या रात्री कुणाच्या कामी आली? विराट कोहली उभा राहिला तो यादी वाचून नाही. धर्मावरून माणसाला झोडपणं ही हीन गोष्ट आहे, एवढंच तो बोलला. त्याने शमीचा हिशेब दिला नाही. देण्यासारखा नव्हता म्हणून नाही, द्यायचा नव्हता म्हणून.

मला इथे पंचरंगी स्पर्धा आठवते. मुंबईत एकेकाळी क्रिकेटचे संघच धर्मावर होते : हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन, आणि उरलेल्यांचा ‘द रेस्ट’. मुसलमानांचा संघ १९१२ पासून. जिमखाने गच्च भरायचे. आपल्यातल्या काहींना अजून त्याचा अभिमान वाटतो, आमचा स्वतःचा संघ होता म्हणून. पण हिंदूंच्या संघात तरी सगळं आलबेल होतं का? पळवणकर बाळू हा त्या काळातला सर्वोत्तम गोलंदाज, चांभार समाजातला, पुण्यात त्याला चहा वेगळ्या मातीच्या भांड्यातून. त्याच्या हयातीत हिंदूंचं कर्णधारपद त्याला मिळालं नाही, धाकट्या विठ्ठलला १९२३ मध्ये मिळालं, तेही झगडून. गांधीजींनी १९४० मध्ये या धर्मवार स्पर्धेला विरोध केला, १९४६ मध्ये ती बंद पडली. तिच्या जागी जी स्पर्धा देशाची मुख्य स्पर्धा म्हणून उरली, जिथे संघ प्रांताचे आणि शहरांचे, ती रणजी. आणि त्या रणजीत सगळ्यात जास्त धावा करणारा माणूस बेस्टच्या ड्रायव्हरचा पोरगा वसीम जाफर. त्याला पुन्हा पंचरंगीत ढकलणाऱ्यांत मी ‘त्यांना’ मोजतो आणि आपल्यालाही मोजतो.

‘मग गप्प बसायचं का?’ असं मला ग्रुपवर विचारलं गेलं. अजिबात नाही. उलट त्या फेब्रुवारीत आपण नको तेवढे गप्प बसलो. आपण ओरडलो ते ‘जाफर देशभक्त आहे’ म्हणून. एकानेही उत्तराखंड असोसिएशनला विचारलं नाही की निवड समितीच्या बैठकीचं इतिवृत्त कुठे आहे. एकाही पोराने वगळलेल्या खेळाडूंच्या धावा आणि घेतलेल्यांच्या धावा शेजारी ठेवून एक तक्ता केला नाही. स्कोअरकार्ड सगळे इंटरनेटवर पडलेले आहेत. त्या निवडीत ज्यांचं नुकसान झालं असेल ते बहुतेक पहाडातले हिंदू पोरं असतील, ज्यांचा बाप शेती करतो नाहीतर फौजेत आहे. जाफरचा राजीनामा त्यांच्यासाठी होता. हे आपण त्यांच्या आईबापापर्यंत पोहोचवलं असतं तर?

जाफर जुलै २०२१ मध्ये ओडिशाचा मुख्य प्रशिक्षक झाला. आयपीएलमध्ये पंजाबच्या फलंदाजांना शिकवायचा तेही चालू राहिलं. त्याचं काही अडलं नाही, आणि मला त्याची कीव करायची नाही.

गेल्या डिसेंबरात मी गावी होतो. लहान भावाचा तोच दोस्त, यादीवाला, तालुक्याच्या टेनिस बॉल स्पर्धेसाठी टीम निवडायला बसला होता. आयोजकाच्या भाच्याला घ्यायचा दबाव होता. त्याने सांगितलं, भाऊ, दोन मॅचमध्ये त्याच्या चार धावा आहेत, मी नाही घेत. आयोजक म्हणाला, ‘तुमच्या मोहल्ल्याचेच चार घेतलेस ना पण.’ पोरगा माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, चौघांच्या बाजूने एक शब्द बोलू नको. वही उघड आणि भाच्याच्या चार धावांवर बोट ठेव.

त्याने वही उघडली. अर्धा तास वाद झाला, चहा दोनदा आला. भाचा शेवटी बारावा खेळाडू म्हणून बसला.